‘बायोस’ बदलताना दिवे गेले तर?

पोलादपूर, प्रतिनिधी : संगणकाच्या बहुतेक दुखण्यांवर काही ना काही उतारा असतो. विंडोज बिघडली तर ती नव्याने टाकता येते, हार्ड डिस्क गेली तर दुसरी बसविता येते, व्हायरस शिरला तर तो काढता येतो. मात्र मदरबोर्डवरील ‘बायोस’ या मूळ प्रणालीचे अद्ययावतीकरण अर्ध्यावर थांबले, तर संगणक सुरूच होत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. दुरुस्तीच्या दुकानात या अवस्थेला ‘नो डिस्प्ले’ असे म्हणतात. ज्या यंत्राच्या साह्याने बिघाड शोधायचा, तेच यंत्र मुके झालेले असते. म्हणूनच पाच-दहा मिनिटांचे हे काम संगणकाच्या देखभालीतील सर्वांत जोखमीचे काम मानले जाते.

एके काळी या कामाच्या वाटेला केवळ हौशी मंडळी जात. आता परिस्थिती बदलली आहे. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ कडे वळणाऱ्या असंख्य वापरकर्त्यांना प्रथमच बायोसच्या निळ्या-काळ्या पडद्यात डोकावावे लागले. लॅपटॉपवर तर ‘बायोस अपडेट उपलब्ध आहे’ अशी सूचना आपोआप झळकते आणि वापरकर्ता इतर सूचनांप्रमाणेच तिच्यावरही ‘ओके’ म्हणून मोकळा होतो. पोलादपूर-महाडसारख्या गावांत एकाच संगणकावर ऑनलाईन अर्ज, दाखले, हिशेब आणि मुलांचा अभ्यास असा सारा संसार चालतो. पावसाळ्यात तेथे विजेचा भरवसा देता येत नाही. त्यामुळे ही सूचना स्वीकारावी की नाही, स्वीकारायची असेल तर केव्हा आणि कशी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता उरलेला नाही.

बायोस म्हणजे नेमके काय?

संगणकाचे बटण दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह पडद्यावर येईपर्यंतच्या काही सेकंदांत बरेच काही घडत असते. प्रोसेसर जागा होतो, मेमरी तपासली जाते, कळफलक, पडदा आणि डिस्क यांची ओळख पटविली जाते आणि अखेरीस डिस्कवरील विंडोजला हाक मारली जाते. हे सारे काम करणारा प्रोग्राम हार्ड डिस्कवर नसतो. तो मदरबोर्डवरील नखाएवढ्या, बहुधा आठ पायांच्या एका चिपमध्ये साठविलेला असतो. या प्रोग्रामलाच ‘बायोस’ म्हणतात. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीमुळे हे नाव घरोघरी पोहोचले. आजच्या यंत्रांत त्याची जागा ‘यूईएफआय’ नावाच्या अधिक आधुनिक प्रणालीने घेतली आहे. या प्रणालीचे नियम ठरविणारा मंच २००५ मध्ये स्थापन झाला. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ‘बायोस’ हाच शब्द राहिला आणि या लेखातही तोच वापरला आहे.

जुन्या मदरबोर्डवरील चिपमधील मजकूर बदलणे सोपे नव्हते. ती चिप काढून अतिनील प्रकाशाखाली पुसावी लागे किंवा सरळ नवी बसवावी लागे. १९९० च्या दशकात ‘फ्लॅश’ प्रकारची चिप रूढ झाली आणि संगणकावर बसल्या बसल्या बायोस बदलण्याची सोय झाली. सोयीबरोबर धोकाही आला. जी चिप मालकाला लिहिता येते, ती इतरांनाही लिहिता येते आणि चुकूनही लिहिता येते.

याची जाणीव जगाला २६ एप्रिल १९९९ रोजी झाली. तैवानमधील चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने तयार केलेला ‘सीआयएच’ हा व्हायरस त्या दिवशी जागा झाला. चेर्नोबिल अणुदुर्घटनेची तीच तारीख असल्याने त्याला ‘चेर्नोबिल व्हायरस’ असे नाव पडले. विंडोज ९५ आणि ९८ वरील या व्हायरसने हार्ड डिस्कच्या आरंभीचा भाग पुसून टाकलाच, शिवाय काही मदरबोर्डवरील बायोसमध्येही निरर्थक मजकूर लिहिला. भारतासह आशियातील देशांना त्याचा मोठा फटका बसला. केवळ मजकूर बदलून धडधाकट मदरबोर्ड निकामी करता येतो, हे सामान्य वापरकर्त्याने तेव्हा प्रथमच पाहिले.

धोक्याची ती काही मिनिटे

फ्लॅश चिपमध्ये जुन्या अक्षरांवर थेट नवी अक्षरे गिरविता येत नाहीत. आधी तो भाग पुसावा लागतो, मग नवा मजकूर लिहावा लागतो आणि शेवटी लिहिलेले बरोबर उतरले की नाही, हे पडताळून पाहावे लागते. पुसणे, लिहिणे व पडताळणे या तीन पायऱ्या चिपच्या एकेका भागासाठी क्रमाने होत जातात. या मधल्या काळात चिपमध्ये जुना बायोस पूर्ण नसतो आणि नवाही पूर्ण नसतो.

संगणक चालू आहे तोवर यात काही अडचण नाही, कारण लिहिण्याचे काम करणारा प्रोग्राम तात्पुरत्या मेमरीत म्हणजे रॅममध्ये असतो. याच क्षणी वीज गेली, तर रॅम रिकामी होते. पुन्हा बटण दाबल्यावर प्रोसेसर नेहमीप्रमाणे चिपकडे धाव घेतो आणि तेथे त्याला अर्धवट मजकूर सापडतो. पुढे काय करायचे, हे सांगणारे दुसरे कोणी यंत्रात नसते. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविण्यासारखाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की येथे दुसरी फांदी हाती येईपर्यंत थांबण्याची मुभा नसते.

रॅममधूनच हे काम होत असल्याने आणखी एक गोष्ट ओघाने येते. ज्या संगणकाची रॅम सदोष आहे, जो मध्येच बंद पडतो किंवा ज्याचा प्रोसेसर ठरावीक वेगापेक्षा अधिक वेगाने पळविला जात आहे, त्यावर बायोस बदलणे धोक्याचे आहे. ‘संगणक सारखा हँग होतो, बायोस बदलून पाहू’ हा विचार म्हणूनच उलटा आहे. आधी हँग होण्याचे कारण शोधावे. पुराच्या पाण्यात भिजून, धुवून-वाळवून पुन्हा सुरू केलेल्या मदरबोर्डलाही हेच लागू पडते.

भारनियमनाला वेळापत्रक तरी होते

पोलादपूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री येथून महाडकडे वाहत जाते. मुंबई-गोवा महामार्ग आणि महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाटाचा रस्ता येथेच मिळतात. पाऊस मुबलक, डोंगर उभे आणि वीजवाहिन्या झाडाझुडपांतून गेलेल्या. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात विजेचे खांब उन्मळून पडले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे, सुतारवाडी येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. वीज आणि दूरध्वनी या दोन्ही यंत्रणा कोलमडल्या.

अशा संकटात संगणकाची चिंता कोणी करीत नाही आणि करूही नये. मात्र बायोसला धोका पोहोचविण्यासाठी एवढी मोठी आपत्ती लागत नाही. वाऱ्याने फांदी तारेला टेकते, दिवे क्षणभर मिचकतात आणि पुन्हा लागतात. टीव्ही पाहणाऱ्याच्या ते लक्षातही राहत नाही. पण बायोस लिहिला जात असताना तो एक क्षण पुरेसा ठरतो. २००० च्या दशकात महाराष्ट्राने भारनियमन सोसले, तेव्हा वीज कोणत्या वेळी जाणार, याचे वेळापत्रक निदान वृत्तपत्रांत छापून येत असे. झाड पडल्याने वा वीज कडाडल्याने होणाऱ्या खंडाला असे वेळापत्रक नसते. या कामाच्या दृष्टीने तो अधिक वाईट.

‘घरी इन्व्हर्टर आहे’ हे उत्तर नेहमी दिले जाते, पण ते पुरेसे नाही. मुख्य वीज गेल्यापासून इन्व्हर्टर जोडला जाईपर्यंत अल्पसा काळ जातो. पंखा व दिवे तो सहज सोसतात, संगणक सोसेलच असे नाही. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चे बटण याचसाठी दिलेले असते. इन्व्हर्टरवर असताना वीज जाताच आपला संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर त्या भरवशावर बायोसला हात लावू नये.

यूपीएस असला तरी तो कधीचा, हे पाहणे आवश्यक आहे. यूपीएसची बॅटरी काही वर्षांत निकामी होते आणि वीज असेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. खात्री करण्याची पद्धत साधी आहे. महत्त्वाचे काम चालू नसताना यूपीएसची भिंतीतील पिन काढावी आणि संगणक दहा-पंधरा मिनिटे तग धरतो का, ते पाहावे. या परीक्षेत नापास झालेल्या यूपीएसवर विसंबून केलेले अद्ययावतीकरण आणि यूपीएसविना केलेले अद्ययावतीकरण यांत काडीचा फरक नाही. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल, तर तो या बाबतीत अधिक सुरक्षित असतो. बहुतेक कंपन्या चार्जर जोडलेला आणि बॅटरी पुरेशी भरलेली असल्याशिवाय बायोस बदलूच देत नाहीत. ही अट चुकविण्याच्या युक्त्या शोधू नयेत. बॅटरी मेलेला लॅपटॉप केवळ चार्जरवर चालवून हे काम करणे म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणे होय.

चुकीची फाईल, चुकीचा बोर्ड

विजेखालोखाल धोका असतो तो चुकीच्या फाईलचा. एकाच नावाचा मदरबोर्ड कंपनी अनेकदा थोडे फेरफार करून पुन्हा बाजारात आणते. नाव तेच, पण बोर्डवर बारीक अक्षरांत ‘रिव्हिजन १.०’ऐवजी ‘रिव्हिजन २.०’ छापलेले असते आणि दोन्हींचा बायोस वेगळा असू शकतो. खोक्यावरील नाव किंवा बिलावरील नाव पाहून फाईल उतरविणे म्हणूनच घातक ठरते. अचूक नाव बोर्डवर छापलेले असते. विंडोजमधील ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ या पानावरही बोर्डचे नाव आणि सध्याच्या बायोसची आवृत्ती पाहता येते. नवे प्रोग्राम चुकीची फाईल ओळखून नाकारतात, परंतु जुन्या यंत्रांत ही दक्षता असतेच असे नाही.

फाईल कोठून घेतली, हेही तितकेच महत्त्वाचे. २०२३ च्या एप्रिलमध्ये मदरबोर्ड बनविणाऱ्या एमएसआय कंपनीवर सायबर हल्ला झाला. त्यानंतर बायोस केवळ आपल्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा, असे आवाहन कंपनीने ग्राहकांना केले. अधिकृत मार्गही नेहमीच निर्धोक नसतो. एसुस कंपनीच्या अद्ययावतीकरणाच्या यंत्रणेतच २०१८ मध्ये घुसखोरांनी शिरकाव केला होता आणि कंपनीच्या सहीनिशी घातक प्रोग्राम ग्राहकांपर्यंत पोहोचला. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने हा प्रकार मार्च २०१९ मध्ये उघड केला. ‘सर्व ड्रायव्हर एका फटक्यात अद्ययावत करा’ अशी जाहिरात करणारे फुकट प्रोग्राम तर चार हात दूरच ठेवलेले बरे.

परतीचे दोर कापलेले

नवी आवृत्ती पसंत पडली नाही तर जुनी पुन्हा टाकू, असे मनात धरून अनेक जण हे काम करतात. प्रत्येक वेळी ते शक्य नसते. सुरक्षेतील त्रुटी बुजविणारी आवृत्ती एकदा टाकली, की जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट अनेक कंपन्या मुद्दाम बंद करतात. कधी अडचण जागेची असते. एएमडी कंपनीच्या ‘एएम४’ जातीच्या अनेक मदरबोर्डवरील चिप १६ मेगाबाईटची होती. वर्षागणिक येणाऱ्या सर्व प्रोसेसरची माहिती तीत मावेना. बी४५० आणि एक्स४७० बोर्डवर नवे प्रोसेसर चालावेत म्हणून विशेष बायोस देण्याचे कंपनीने मे २०२० मध्ये जाहीर केले, तेव्हा हा बदल एकमार्गी राहील आणि काही जुन्या प्रोसेसरचा आधार काढून घ्यावा लागेल, हेही तिने सांगितले होते. म्हणजे नवा प्रोसेसर हाती येण्याआधीच उत्साहाने बायोस बदलणाऱ्याचा जुना, चालता प्रोसेसरही अडचणीत येऊ शकतो.

खुद्द कंपन्यांनाही कधीकधी आपले पाऊल मागे घ्यावे लागते. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाऊन’ या प्रोसेसरमधील त्रुटींनी जगभर खळबळ उडविली. इंटेलने घाईने सुधारणा दिल्या, त्या बायोसमार्फत संगणकांत पोहोचू लागल्या आणि काही यंत्रे आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागली. अखेर २२ जानेवारी २०१८ रोजी इंटेलनेच या सुधारणा तूर्त टाकू नयेत, असे सांगितले. नवी आवृत्ती प्रसिद्ध झाल्याच्या पहिल्याच दिवशी ती टाकण्याची घाई न करणे शहाणपणाचे, ते याचसाठी.

संगणक शाबूत, माहिती मात्र कुलूपबंद

एक धोका असा आहे, की ज्यात बायोसचे काम सुरळीत पार पडते, संगणकही सुरू होतो आणि तरीही सर्व काही गमावण्याची वेळ येते. विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ नावाची कुलपाची सोय आहे. डिस्कवरील सर्व माहिती ती सांकेतिक रूपात ठेवते आणि तिची किल्ली मदरबोर्डवरील ‘टीपीएम’ या सुरक्षा घटकाच्या स्वाधीन करते. बायोस बदलला की टीपीएमला यंत्र अनोळखी वाटते आणि ते किल्ली देत नाही. पडद्यावर निळे पान येते आणि ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागितली जाते.

ही किल्ली बहुधा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते. पण संगणक दुकानदाराने सुरू करून दिला असेल आणि खाते कोणाच्या ईमेलवर काढले, हेच आठवत नसेल, तर काय करायचे? विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या अनेक नव्या संगणकांत हे कुलूप मालकाने न सांगताही लागलेले असते. किल्ली हरविली तर माहिती परत मिळत नाही, दुरुस्ती करणाराही ती मिळवून देऊ शकत नाही. फोटो स्टुडिओतील लग्नाची छायाचित्रे असोत किंवा दुकानाचा वर्षभराचा हिशेब, बायोसला हात लावण्याआधी त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घेणे आणि बिटलॉकर तात्पुरते स्थगित करणे अत्यावश्यक आहे. मदरबोर्ड मेला तर नवा विकत घेता येतो. माहितीचे तसे नाही.

मग बायोस बदलायचाच नाही का?

‘चालत्या गाडीला खीळ घालू नये’ असा सल्ला जुने तंत्रज्ञ देत आले आहेत. तो बव्हंशी खरा आहे, पण सर्वकाळ नाही. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अधिक विद्युतदाबामुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. त्यावरील सुधारणा ऑगस्ट २०२४ पासून बायोसमार्फत देण्यात आली. झालेली इजा या सुधारणेने भरून येत नव्हती, पण पुढील इजा टळत होती. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर मदरबोर्डवर जळाल्याचे प्रकार घडले आणि विद्युतदाबावर मर्यादा घालणारे नवे बायोस कंपन्यांनी दिले. अशा वेळी बायोस न बदलणे हाच मोठा धोका होता.

आणखी एक कारण २०२६ सालाशी निगडित आहे. संगणक सुरू होताना केवळ विश्वासू प्रोग्रामच चालावा, यासाठी ‘सिक्युअर बूट’ ही व्यवस्था असते. तिच्यासाठी २०११ मध्ये दिलेल्या मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते. नवी प्रमाणपत्रे प्रामुख्याने विंडोज अपडेटमार्फत दिली जातात. काही यंत्रांसाठी मात्र बनविणाऱ्या कंपनीचा नवा बायोसही लागतो. प्रमाणपत्र जुने राहिले म्हणून संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. त्याला संगणक सुरू होण्याच्या टप्प्यावरील पुढील सुरक्षा सुधारणा मात्र मिळत नाहीत. तेव्हा घाबरून एका रात्रीत बायोस बदलण्याचे कारण नाही. सवडीने, तयारीनिशी करण्याजोगे हे काम आहे.

उलट, अनेकदा बायोस बदलण्याची गरजच नसते. विंडोज ११ साठी लागणारे टीपीएम अनेक मदरबोर्डमध्ये आधीपासून असते, केवळ बायोसच्या सेटिंगमध्ये ते बंद ठेवलेले असते. ते सुरू करणे म्हणजे बायोस बदलणे नव्हे. तसेच संगणकाचे घड्याळ रोज मागे पडत असेल किंवा सुरू होताना तारीख विचारली जात असेल, तर दोष बहुधा मदरबोर्डवरील ‘सीआर२०३२’ या नाण्याएवढ्या सेलचा असतो. काही रुपयांचा सेल बदलण्याऐवजी बायोस बदलणे हे उंदीर मारण्यासाठी घर जाळण्यासारखे होईल.

करायचेच असल्यास

१. आधी कारण निश्चित करावे. नव्या आवृत्तीबरोबर दिलेल्या टिपणीत आपल्या अडचणीचा किंवा सुरक्षेतील गंभीर त्रुटीचा उल्लेख नसेल, तर थांबावे.

२. पावसाळी, वादळी दिवस टाळावा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट असतो, तेव्हाही हे काम नको. कोरड्या ऋतूतील शांत सकाळ उत्तम.

३. महत्त्वाच्या फाईलची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून ठेवावी आणि बिटलॉकर स्थगित करावे.

४. तपासलेला यूपीएस जोडावा. लॅपटॉप असल्यास बॅटरी पूर्ण भरून चार्जरही जोडून ठेवावा.

५. डेस्कटॉपवर शक्यतो विंडोजमधून बायोस बदलू नये. फाईल ‘फॅट३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राईव्हवर घेऊन बायोसमधील सोयीतूनच ती टाकावी. विंडोजमध्ये त्याच वेळी अँटिव्हायरस किंवा अन्य काही आडवे येण्याचा संभव असतो.

६. सध्याच्या सेटिंगची छायाचित्रे मोबाईलवर काढून ठेवावीत. बायोस बदलल्यावर सेटिंग मूळ पदावर येतात. डिस्कची पद्धत किंवा सुरू होण्याचा क्रम बदलल्याने विंडोज सुरू झाली नाही, म्हणजे बोर्ड मेला असे नव्हे.

७. काम चालू असताना आणि संपल्यावरही धीर धरावा. नव्या बायोसनंतर पहिल्यांदा सुरू होताना यंत्र मेमरीची नव्याने जुळवाजुळव करते. नव्या जातीच्या मेमरीत याला काही मिनिटेही लागतात. पडदा काळा दिसतो म्हणून घाईने बटण बंद करणाऱ्यांनीच अनेकदा बिघाड ओढवून घेतलेला असतो.

तरीही बिघडले तर

पूर्वीइतकी हताश होण्याची स्थिती आता नाही. काही मदरबोर्डवर, विशेषतः गिगाबाईट कंपनीच्या, दोन बायोस चिप असतात. एक बिघडली तर दुसरी कामाला येते. एसुस, एमएसआय, गिगाबाईट यांच्या अनेक बोर्डवर मागील बाजूस एक विशेष बटण असते. पेन ड्राईव्ह ठरावीक खाचेत घालून ते दाबल्यास नुसत्या वीजपुरवठ्यावर बायोस पुन्हा लिहिला जातो. नवा मदरबोर्ड घेताना ही सोय आहे का, हे विचारून घ्यावे. एचपी आणि डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये ठरावीक कळा दाबून जुना बायोस परत आणण्याची व्यवस्था असते. एचपीमध्ये विंडोजची कळ आणि ‘बी’, तर डेलमध्ये ‘कंट्रोल’ आणि ‘एस्केप’ या कळा त्यासाठी वापरतात. सेल काढून पुन्हा बसविल्याने केवळ सेटिंग पुसली जातात, अर्धवट लिहिलेला बायोस पूर्ण होत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

यांपैकी काहीच चालले नाही, तर चिपमध्ये बाहेरून मजकूर भरावा लागतो. त्यासाठीचे ‘प्रोग्रामर’ उपकरण काही शे रुपयांत मिळते आणि चिपच्या पातळीवर दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ ते वापरतात. येथेही दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. काही चिप ३.३ व्होल्टच्या, तर काही १.८ व्होल्टच्या असतात. चुकीच्या दाबाने चिपच जळते. शिवाय लॅपटॉपच्या चिपमध्ये त्या यंत्राचा अनुक्रमांक आणि बहुधा विंडोजची परवाना-किल्लीही असते. कोठूनतरी उतरविलेली फाईल सरसकट भरली, तर ही ओळख पुसली जाते. म्हणून आधी जुन्या चिपमधील मजकूर वाचून जपून ठेवावा, असे तंत्रज्ञाला आवर्जून सांगावे. वॉरंटी शिल्लक असल्यास मात्र यंत्र उघडू न देता कंपनीकडेच जावे.

शहरात यंत्र बिघडले तर संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येते. पोलादपूरहून यंत्र महाडला, तेथे काम झाले नाही तर पनवेलला किंवा मुंबईला न्यायचे, म्हणजे काही दिवसांचा खोळंबा ठरलेला. प्रवेशाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जांची अंतिम तारीख जवळ आली असताना हा खोळंबा केवळ संगणकाच्या मालकाला सोसावा लागत नाही. त्याच्या दारात कागदपत्रे घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांना आणि पालकांनाही त्याची झळ पोहोचते. ज्यांच्या एकमेव संगणकावर असे काम चालते, त्यांनी हंगामाच्या तोंडावर बायोसला हात लावू नये. अर्जांची गर्दी सरल्यावर, पाऊस उघडल्यावर आणि यूपीएसची परीक्षा घेतल्यावर मात्र आवश्यक ते अद्ययावतीकरण टाळूही नये.